जोड कुणाची, नाव कुणाचं

चैत्र लागला की आमच्या वारणाकाठी पोस्टरांचा हंगाम सुरू होतो. जोतिबाची यात्रा उरकली की गावोगावच्या यात्रा एकामागोमाग येतात, आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांचं मैदान आलंच. कोडोलीच्या स्टँडवर, दूध संस्थेच्या भिंतीवर, विजेच्या खांबांवर पोस्टर लागतात. वर गावचा देव, त्याखाली पुढाऱ्यांचे फोटो, आणि मग जोड्या. डावीकडं एक पैलवान, उजवीकडं दुसरा, मधे इनामाचा आकडा. लोक आकडा वाचतात. मी नावाखालची बारीक अक्षरातली ओळ वाचतो, अमक्या तालमीचा, तमक्या वस्तादांचा पट्ठा. त्या ओळीवरून कुस्ती कशी होणार याचा अंदाज येतो. जोडीवरून त्या वस्तादाचाही येतो.

मी खेळशिक्षक. पहाटे तालीम, दिवसभर शाळा, संध्याकाळी परत तालीम, अशी नोकरी केली. शाळेत कबड्डी, खो-खो, धावणं, गोळाफेक सगळंच घ्यायचो, पण जीव मातीत होता. निवृत्त झाल्यापासून शिबिरांना बोलावणी येतात आणि विषय बहुतेक वेळा एकच असतो, चांगला प्रशिक्षक कसा असावा. ऐकणाऱ्यांना शिस्त, चिकाटी, त्याग असं काही ऐकायचं असतं. त्या गोष्टी हव्यातच. पण शिस्त वाईट वस्तादाकडंही असते, कधी कधी जरा जास्तच असते. म्हणून मी जोडीबद्दल बोलतो. कुठल्या पोराला कुणासमोर, कधी, किती वजनाला उभं करायचं, आणि कधी उभंच करायचं नाही, हे ज्याला कळतं आणि कळल्यावर जो ते चारचौघांत तोंडावर सांगतो, त्याला मी वस्ताद म्हणतो. डाव काय, हल्ली मोबाईलवरही शिकता येतात.

मैदानाची सुरुवात लहान पोरांपासून होते. दुपारी ऊन कलायच्या आधी लंगोट लावलेली पोरं हौद्याच्या कडेला रांगेत बसतात. पूर्वी या कुस्त्या रेवडीवर, खोबऱ्याच्या वाटीवर व्हायच्या, आता दहा-वीस-पन्नासाच्या नोटेवर होतात. कमिटीतली दोन माणसं पोरांना दंडाला धरून उठवतात, उंचीला उंची लावून बघतात आणि जोड सोडतात. काटा नाही, जन्मतारीख नाही. उंची सारखी दिसली की झालं. त्या वेळी आपल्या पोरांचा वस्ताद कुठं असतो हे बघावं. काहीजण स्टेजवर फेटा बांधून घ्यायला गेलेले असतात. काहीजण मात्र हौद्याच्या कडेलाच उभे असतात आणि कमिटीवाल्याचा हात धरतात, "ह्याला न्हाई, त्यो दोन वरसं मातीत लोळतोय. ह्यानं दिवाळीला लंगोट लावलाय." अशा वस्तादाची पोरं मी डोळे झाकून मोठ्या मैदानात पाठवीन.

बाहेरच्याला वाटतं, जोड म्हणजे वजन. वजन त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट. पोरगं किती वर्षं मेहनत करतंय, मागची कुस्ती कधी झाली, ती हरला की जिंकला, हरला तर कशावर हरला, दमसास किती मिनिटांचा आहे, समोरचा खालून काम करणारा आहे की वरून, आणि पोराच्या घरी सध्या काय चाललंय, एवढं सगळं त्यात येतं. शेवटची गोष्ट पुष्कळांना पटत नाही. पण ज्याच्या बापानं ऊसबिल अडकल्यामुळं गोठ्यातली म्हैस विकली, ते पोरगं पुढचे पंधरा दिवस कुस्तीला उभं करण्यात अर्थ नसतो. अंगानं ते हौद्यात असतं, डोक्यानं नसतं. मातीत मान अडकवून घ्यायला तेवढं पुरतं.

हे सगळं कळायला पोराकडं बघावं लागतं, आणि बघायची खरी वेळ लढतीची नसते. ती पहाटेची, हौदा उकरायची वेळ. आमच्याकडं तालमीतली माती रोज फावड्यानं उकरून, वरखाली करून, सारखी करायची पद्धत आहे. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मऊ ठेवतात. अंगाला घासली तरी साल निघत नाही, आणि जखम झाली तरी सहसा चिघळत नाही असं जुनी माणसं सांगत. नवीन पोरांना वाटतं, उकरणं म्हणजे नव्यांना लावलेलं हलकं काम. प्रत्यक्षात खांदा, पाठ, कंबर आणि पकड यांचा तो पहिला व्यायाम. आणि वस्तादाला तिथं फुकटात सगळं दिसतं. कोण उजव्या खांद्यावर भार घेत नाही, कोण चार फावडी मारून दमतो, कोण दुसऱ्याच्या वाट्याची माती ओढतो, कोण रात्री झोपलेला नाही. जोर-बैठकांत पोरगं आकडा फुगवून सांगू शकतं, फावड्याला फसवता येत नाही. माझे वस्ताद दारातल्या दगडावर बसून चहा घेत घेत तेवढंच बघायचे आणि त्या दिवशी कुणी कुणाबरोबर लढत धरायची ते ठरवून टाकायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारा मनाला येईल तसं सांगतो. तालमीतली रोजची लढत हीसुद्धा एक जोडच असते, हे मला स्वतः दगडावर बसायला लागल्यावर समजलं. रोज आपल्यापेक्षा जडाबरोबर लढवलं तर पोरगं बचाव करायला शिकतं आणि पुढं यायचं विसरतं. रोज हलक्याबरोबर लढवलं तर ताकदीवर कुस्ती करायची सवय लागते आणि डाव कच्चा राहतो.

आता एका पोराची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण माणसं गावातलीच आहेत. सोळा वर्षांचं होतं. अंगानं बारीक, पण पट काढण्यात विजेसारखं चपळ. दोन हंगामांत त्याचं नाव झालं. शेजारच्या तालुक्यातल्या एका कमिटीनं त्याच्यासाठी चांगला आकडा देऊ केला, समोर मात्र दोन वर्षांनी मोठा आणि दहा-बारा किलोनं जड पैलवान. मी नको म्हटलं. त्याचे वडील घरी आले.

"सर, आकडा बघा की. वरीसभराचा खुराक सुटतोय."

"समोरचं पोरगं बघा तुम्ही. मान धरून खाली बसवलं तर ह्याचं काय व्हईल?"

"मग काय झालं? कुस्ती हाय का लगीन, सगळं जुळवून घ्यायला?"

मला हसू आलं आणि त्यामुळं ते आणखी चिडले. पोराला दुसऱ्या तालमीत घेऊन गेले. त्या तालमीच्या नावावर पोरगं त्या मैदानात उतरलं आणि जिंकलं. दुहेरी पट काढून त्या जड गड्याला चितपट केलं. लोकांनी खांद्यावर घेतलं, हलगी वाजली, फेटा उडाला. माझं बरोबर होतं असं म्हणायला त्या आठवड्यात गावात कुणी तयार नव्हतं, आणि चहाच्या गाड्यावर माझ्यावर चार विनोदही झाले.

मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो की ती जोड चुकीची होती. पोरगं जिंकलं म्हणून जोड बरोबर ठरत नाही. निर्णय कुस्तीच्या आधी घ्यायचा असतो आणि त्या वेळी माझ्यासमोर एक सोळा वर्षांची मान होती. पुढं तो पोरगा पोलीस भरतीत लागला. अजून भेटला की वाकून नमस्कार करतो. त्याचे वडील मात्र मला बघितलं की रस्ता बदलतात.

पण मला नाही म्हणणं परवडत होतं, हेही इथं सांगितलं पाहिजे. महिन्याच्या महिन्याला शाळेचा पगार येत होता. जो वस्ताद तालमीवरच पोट भरतो, त्याला एवढं सोपं नसतं. पोरांच्या घरून मिळेल ते, मैदानातल्या मानाचा नारळ, फेटा आणि पाकीट, एवढ्यावर त्याचं घर चालतं. कमिटीला नाराज केलं तर पुढच्या वर्षी त्याच्या तालमीच्या पोरांना जोड मिळत नाही. प्रशिक्षकाच्या नीतीवर भाषणं देणाऱ्यांनी आधी त्याच्या चुलीचा विचार करावा.

कोल्हापूरची कुस्ती मोठी झाली त्यामागं हा चुलीचा विचार होता. राजर्षी शाहू महाराजांनी पैलवान आणि वस्ताद पदरी बाळगले, त्यांच्या खुराकाची आणि राहण्याची सोय केली, आणि 1912 साली खासबागचं मैदान उभं केलं. 1902 च्या युरोप दौऱ्यात बघितलेल्या रोमन रंगमंडलाची कल्पना त्यामागं होती, असं सांगतात. मधे खोलगट हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, त्यामुळं शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती दिसते. त्या काळात वस्तादाला पदराखाली घेणारा एकच धनी होता आणि त्याला कुस्तीतलं कळत होतं. 1949 साली संस्थान विलीन झालं. मग आश्रय गेला यात्रा कमिट्यांकडं, आणि पुढं साखर कारखाने, दूध संघ यांच्याकडं. आमच्या कोडोलीच्या उशाशी वारणानगर आहे. तिथला साखर कारखाना उभा करणाऱ्या तात्यासाहेब कोरे यांच्या स्मरणार्थ डिसेंबरात तिथं मैदान भरतं, पंजाब-हरियाणाचे मल्ल येतात, आणि त्या दिवशी आमच्या गावातली शाळकरी पोरं वर्गात नावालाच असतात. या आश्रयानं कुस्ती जगली, यात शंका नाही. फक्त जोड ठरवणारा हात बदलला. जो पैसा देतो त्याला गर्दी हवी असते, आणि गर्दी खेचायला नावं लागतात. वस्तादाला मग अशा माणसासमोर नाही म्हणावं लागतं ज्याचा हेतू वाईट नसतो, फक्त त्याला पोराची मान दिसत नाही, गेटवरची गर्दी दिसते.

मॅटवर हा प्रश्न निम्मा सुटतो. तिथं जोड काटा लावतो. वजनगट ठरलेले, तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, गुणांवर निकाल. मातीवर प्रेम करणाऱ्या आमच्या पिढीनं मॅटला पुष्कळ नावं ठेवली, मीही कधीमधी ठेवली, पण काट्यामुळं किती पोरांच्या माना वाचल्या असतील. मात्र काटा आला तशी दुसरी दुखणी आली. आता वस्ताद पोराला जोडीत बसवण्याऐवजी पोराच्या अंगातलं पाणी काढून त्याला गटात बसवतो. भर एप्रिलच्या उन्हात प्लास्टिकचा सूट घालून धावणारी, ओठ कोरडे पडलेली, तोंडातली थुंकीसुद्धा बाहेर टाकणारी पोरं मी बघितली आहेत. चौदा-पंधरा वर्षांची. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 2024 साली विनेश फोगाट 50 किलो गटाच्या अंतिम फेरीआधी 100 ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली, तेव्हा अख्खा देश हळहळला. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतनं कांस्यपदकाच्या कुस्तीआधी रात्रभरात साडेचार किलोच्या वर वजन उतरवलं, त्याचं कौतुक झालं. त्या दोघांच्या मागं डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओ अशी फौज होती. आमच्या तालमीत काय असतं? तांब्याभर पाणी आणि ते पिऊ नको म्हणणारा वस्ताद. वाढीच्या वयातल्या पोराचं वजन उतरवायचं नाही, वरच्या गटात खेळेल आणि हरेल, एवढा नियम मी पाळला. जिल्हा स्पर्धेतली काही पदकं त्यामुळं गेली असतील.

याच रस्त्यावर पुढं इंजेक्शनांचं दुकान लागतं. मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब उतरला तर देण्याचं औषध आहे. ते जिममध्ये आणि काही तालमींत दमसासाच्या नावाखाली टोचलं जातं, हे पोलिसांच्या कारवायांमुळं आता सगळ्यांना माहीत झालंय. पोरगं ते घेतंय हे वस्तादाला कळत नाही, असं मला कुणी सांगू नये. पहाटे फावडं मारताना छाती धडधडणारं पोरगं लांबून ओळखू येतं. ज्याला कळत नाही तो वस्ताद तिथं हजरच नसतो, किंवा त्याला कळून घ्यायचं नसतं.

मोठा खेळाडू म्हणजे मोठा प्रशिक्षक, ही समजूत आपल्याकडं फार पक्की आहे. गणपतराव आंदळकर 1960 चे हिंदकेसरी, अर्जुन पुरस्कार मिळालेले, आणि नंतर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत त्यांनी पिढ्या घडवल्या. असं दोन्ही एका माणसात उतरतं तेव्हा भाग्यच. पण रमाकांत आचरेकर सरांकडं बघा. प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळलेला माणूस. त्यांनी शिवाजी पार्कवर काय केलं? पोरांना नेटमध्ये कोंडून ठेवलं नाही, सामने खेळवले. सचिनला स्कूटरवर मागं बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेलं. कुठल्या वयाच्या पोराला कुठल्या गोलंदाजीसमोर उभं करायचं, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. मला क्रिकेटमधलं फारसं कळत नाही, पण ही गोष्ट मला आमच्याच धंद्यातली वाटते.

आणि जो स्वतः मोठा पैलवान होता, त्याला एक मोह हमखास पडतो. आपला डाव सगळ्यांना शिकवायचा. वस्ताद ढाकेत वाकबगार, म्हणून तालमीतली सगळी पोरं ढाक मारतात. उंच, लांब हातापायाच्या पोराला ढाक, टांग जमते. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या पोरानं खाली जाऊन पट काढावा. एखाद्याची कंबर इतकी लवचीक असते की त्याला कलाजंग सहज बसतो, दुसऱ्यानं तोच डाव केला तर स्वतःच पाठीवर येतो. पोराच्या हाडापेराला कुठला डाव बसतो हे ओळखायला सहा महिने जातात. तोवर वस्तादानं आपला डाव आपल्यापाशी ठेवावा. माझ्या हातचं घिस्स्याचं काम लोकांना आवडायचं. ते मी मोजक्या पोरांना दिलं. बाकीच्यांना दिलं असतं तर त्यांच्या कुस्तीत मी दिसलो असतो, ती दिसली नसती.

जोडीचा आणखी एक प्रकार आहे आणि त्यात भलेभले हरतात. पोराची जोड त्याच्या पुढच्या वस्तादाबरोबर लावणं. खाशाबा जाधवांना आपण 1952 च्या हेलसिंकीतल्या कांस्यपदकामुळं ओळखतो. त्यांना घडवणारी माणसं मात्र एक नाही, एक साखळी होती. गोळेश्वरला वडील दादासाहेब. कोल्हापुरात बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी. 1948 ला लंडनला गेले तेव्हा मॅटची सवय नव्हती, तिथं रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकानं त्यांच्याकडून मॅटची तयारी करून घेतली. खाशाबा त्या वेळी सहावे आले, आणि चार वर्षांनी पदक घेऊन आले. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. खर्डेकर कुस्तीचे प्रशिक्षक नव्हते. पण पोराला पुढं पाठवायचं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कमी लोकांना कळलं असेल.

अलीकडचं उदाहरण हवं तर राहुल आवारे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचं पोरगं पुण्यात हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली आलं. 2011 ला बिराजदार गेले, तेव्हा काका पवारांनी त्याला सांभाळलं. 2018 ला राष्ट्रकुल सुवर्ण, 2019 ला जागतिक स्पर्धेचं कांस्य. कुस्तीबाहेरचं हवं तर आमच्याच जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुण करून त्यानं कांस्य घेतलं. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः 2004 ला अथेन्समध्ये खेळलेल्या, पदक नव्हतं मिळालं, आणि आता द्रोणाचार्य पुरस्काराच्या मानकरी. कांबळवाडीतून नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि तिथून पुढं, असा तो हातोहात गेला. आमच्या पन्हाळा तालुक्यातल्या देवठाण्याच्या पृथ्वीराज पाटीलनं 2022 ला साताऱ्यात महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. कोल्हापूर जिल्ह्यात दोन दशकांनी गदा आली म्हणून केवढी मिरवणूक निघाली! तोही पुण्याला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये गेला होता.

गावातली पोरं अशी पुढं जातात तेव्हा गावच्या वस्तादाला पोटात कळ येते. खोटं कशाला बोला. चार वर्षं पहाटे उठून घडवलेलं पोरगं पुण्याला जातं आणि वर्षभरात पोस्टरवर त्याच्या नावाखाली दुसऱ्या तालमीची ओळ येते. पोरगं जिंकलं की सत्काराला पाच-सहा वस्ताद हार घ्यायला उभे राहतात, हीही आमच्याकडची एक रीतच. मी असल्या सत्कारांना गेलो, मागं उभा राहिलो आणि जेवून आलो. जेवण बहुतेक वेळा चांगलं असायचं. काही वस्ताद मात्र पोराला सोडत नाहीत. "तिकडं मॅटवर मातीची कुस्ती बिघडते", "शहरात पोरगं नासतं", अशी शंभर कारणं सांगतात. एकवीस-बावीस वर्षांचं झालं की ते पोरगं भरतीचं वय निघून चाललं म्हणून घाबरतं आणि कुस्तीच सोडतं. पोराला वेळेत पुढं पाठवण्यासाठी वस्तादाला आपली मर्यादा माहीत असावी लागते. माझी मर्यादा जिल्हा पातळीची होती. मॅटवरचं ग्रीको-रोमन मला शिकवता येत नव्हतं, मी ते शिकवण्याचं नाटक केलं नाही.

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून शिकून आलेल्या तरुण प्रशिक्षकांवर जुने वस्ताद नाक मुरडतात. 1961 पासून ती संस्था प्रशिक्षक घडवते आहे. मी त्या पोरांकडून पुष्कळ शिकलो. तहान लागायच्या आधी पाणी प्यावं, लढतीनंतर अंग ताणावं, दुखापतीला गरम शेक लगेच देऊ नये, असल्या साध्या गोष्टी. आमच्याकडं दुखलं की तेल आणि मातीत लोळणं. त्यांनीही आमच्याकडं बसावं, फावडं मारणाऱ्या पोराकडं बघावं. त्यांचा संगणक पोराच्या नाडीचे ठोके सांगतो, पोराच्या घरातली भांडणं सांगत नाही.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. ऑलिम्पिकमध्ये महिला कुस्ती 2004 ला आली. आमच्या भागात त्यानंतर बऱ्याच वर्षांनी बापांनी मुलींना हाताला धरून आणायला सुरुवात केली. बाप म्हणायचा, "सर, तुमच्या भरवशावर." हे ऐकलं की जबाबदारीनं अंग जड होतं. मी काही गोष्टी ठरवून घेतल्या. मुलींचा सराव चालू असताना तालमीचं दार उघडं. पकड दाखवायची तर मोठ्या मुलीच्या अंगावर, नाहीतर एका पोराला समोर उभं करून. स्पर्धेला नेताना कुणाची तरी आई किंवा शाळेतल्या बाई बरोबर. फोनवर रात्री बोलणं नाही. लोकांना हे जास्त वाटायचं, एका सहकाऱ्यानं "तुमच्यावर कोण संशय घेतंय?" असं विचारलंही. संशयाचा प्रश्नच नव्हता. मुलीला कधी कुणाबद्दल तक्रार करावीशी वाटली, तर ती बोलायला तिला जागा पाहिजे, एवढाच हेतू. 2023 ला देशातल्या नावाजलेल्या महिला मल्ल लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीत जंतर-मंतरवर बसल्या, तेव्हा आमच्या मुली तो बातम्यांमधला प्रकार माझ्यासमोर उघड बोलत होत्या, प्रश्न विचारत होत्या. बोलू शकल्या याचं मला बरं वाटलं. मुलींच्या जोडीतही अडचण वेगळी. गावच्या मैदानात मुलीच कमी, म्हणून कमिटी वजन न बघता ज्या दोन आल्या त्यांची कुस्ती लावते. प्रेक्षकांना नवलाई असते. मी अशा दोन मैदानांतून मुलींना परत घेऊन आलो. एका ठिकाणी कमिटीवाले म्हणाले, "मास्तर, पाहुण्यांसमोर नाक कापलं." मुलींनी गाडीत भजी खाल्ली आणि घरी गेल्या.

पालक विचारतात, पोराला कुठल्या तालमीत घालू. मी नाव सांगत नाही. सांगतो की आधी दोन दिवस पहाटे जाऊन बसा. वस्ताद स्वतः येतो का बघा. हरलेल्या पोराशी तो त्याच दिवशी बोलतो का बघा. सगळ्यात शेवटी त्याला विचारा, गेल्या हंगामात कुठल्या जोड्या तुम्ही परत पाठवल्या? चांगल्या वस्तादाला त्या पाठ असतात, जिंकलेल्या कुस्त्यांपेक्षा जास्त. ज्याला एकही आठवत नाही त्याच्याकडून पोराला घेऊन घरी या.

आणि यात्रा कमिट्यांना माझी विनंती आहे. येत्या चैत्रात पोस्टर छापायला टाकण्याआधी मैदानात एक वजनकाटा ठेवा. अठरा वर्षांखालच्या पोरांच्या आधारकार्डावरची जन्मतारीख बघा. मैदान चालू असेपर्यंत एक डॉक्टर आणि एक गाडी हौद्याशेजारी राहू द्या, स्टेजमागं नको. जोड ठरवताना दोन्ही वस्तादांना फोन करा, आणि एखादा वस्ताद नाही म्हणाला तर पुढच्या वर्षीच्या यादीतून त्याच्या तालमीचं नाव गाळू नका.